सावकाराची वही आणि मणिबेली

सातपुड्यातल्या आदिवासी माणसाची सावकाराच्या वहीशी जुनी ओळख आहे. वहीत काय खरडलंय ते त्याच्या आजोबाला वाचता येत नव्हतं, पण त्या वहीपायी शेत जातं हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. १९७० च्या दशकात शहादा-तळोदा भागात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी जो लढा उभारला, तो या वहीविरुद्धच होता. कागदावर कुणी, कधी, काय लिहिलं हे विचारायची सवय तेव्हाच्या धुळे जिल्ह्याच्या या आदिवासी पट्ट्याला तेव्हापासून लागली.

मे १९८५ मध्ये याच डोंगरातल्या माणसांच्या नावावर आणखी एक वही उघडली गेली, ती मात्र वॉशिंग्टनमध्ये. सरदार सरोवर धरण आणि त्याच्या कालव्यांसाठी जागतिक बँकेने भारताला ४५ कोटी डॉलर द्यायचा करार केला. धरणाच्या बुडितात एकूण २४५ गावं येणार होती. त्यांतली १९३ मध्य प्रदेशातली, ३३ महाराष्ट्रातली आणि १९ गुजरातमधली. महाराष्ट्राच्या बाजूने धरणाला सगळ्यांत जवळचं, म्हणून सगळ्यांत आधी बुडणारं गाव होतं अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. तिथे धरणाची बातमी आली ती मोजणीवाल्यांच्या खुणांमधून. पाणी कुठवर चढणार ते दाखवणारे दगड रोवले गेले. घर त्या दगडाच्या खाली आहे की वर, एवढंच लोकांना समजलं. जायचं कधी, कुठे आणि मिळणार काय, हे सांगायला कुणी आलं नाही.

पुढच्या दहा वर्षांत या खोऱ्याने आणि त्याच्या देशोदेशीच्या सोबत्यांनी जागतिक बँकेची वही तिच्याच अक्षरात वाचून दाखवली. विकासाच्या आंतरराष्ट्रीय धोरणात सामान्य माणसाला तक्रार नोंदवण्याची जी थोडीफार जागा आज आहे, तिच्यातला मोठा वाटा त्या दहा वर्षांचा आहे. ‘नागरी समाजाची क्षमता वाढवणे’ हा शब्दप्रयोग आता प्रशिक्षणवर्गांच्या पत्रिकांवर छापलेला असतो. नर्मदेच्या काठी ही क्षमता कुणी शिकवून आली नाही. घर बुडायला निघालं होतं, म्हणून ती आली.

सुरुवात धरणाला विरोध करून झाली नाही, प्रश्नांपासून झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या मेधा पाटकर १९८५ मध्ये खोऱ्यात आल्या आणि पाड्यापाड्यांतून पायी फिरू लागल्या. पुढल्या वर्षी महाराष्ट्रात नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली. समितीचे प्रश्न साधे होते. किती जमीन बुडणार? बदल्यात कोणती मिळणार? ती दाखवा. नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात जमिनीला जमीन हे तत्त्व होतं. पण जमीन कुणाची, तर ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याची. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कितीतरी शेतं सरकारदरबारी वनजमिनीत मोडत होती आणि ती कसणारा ‘अतिक्रमणदार’ ठरत होता. ज्याच्या पणजोबाने झाडोरा साफ करून मका पेरला, तो कागदावर भूमिहीन.

वहीची पानं इथेच उपयोगी पडली. बँकेने सक्तीच्या विस्थापनाबद्दल १९८० मध्ये आणि आदिवासींबद्दल १९८२ मध्ये स्वतःची धोरणं लिहून ठेवली होती. प्रकल्पामुळे उठलेल्या माणसाची स्थिती आधीपेक्षा वाईट होता कामा नये आणि आदिवासींचा वहिवाटीचा हक्क मानला जावा, असा त्यांचा अर्थ होता. करार झाला तेव्हा ही दोन्ही धोरणं अस्तित्वात होती. बँकेचे अधिकारी ती विसरले असतील किंवा बाजूला सारली असतील, पण ती रद्द झालेली नव्हती. सावकाराला त्याच्याच वहीतला नियम दाखवता येतो, हा शोध खोऱ्याच्या फार कामी आला.

हा रस्ता पहिल्यांदा वापरला तो गुजरातमधल्या आर्च-वाहिनी या संस्थेने, हे इथे आवर्जून सांगायला हवं. पुढच्या भांडणात या मंडळींचं काम झाकोळून गेलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती गुजरातच्या एकोणीस गावांत काम करत होती. गावांतली माहिती ही मंडळी इंग्लंडच्या ऑक्सफॅम संस्थेकडे पाठवत, तिथून ती बँकेकडे जाई. बँकेची पथकं आली, गुजरात सरकारवर दबाव आला आणि १९८७ च्या अखेरीस गुजरातने भूमिहीन, अतिक्रमणदार आणि वयात आलेले मुलगे या सगळ्यांना दोन-दोन हेक्टर जमीन देणारं धोरण स्वीकारलं. देशातल्या आधीच्या कुठल्याही धरणग्रस्तांना इतकं मिळालं नव्हतं. आर्च-वाहिनीने मग पुनर्वसन नीट होईल हे पाहायचं ठरवलं. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातल्या गटांना मात्र अशी जमीन कुठेच दिसत नव्हती. ऑगस्ट १९८८ मध्ये त्यांनी धरणालाच पूर्ण विरोध जाहीर केला आणि त्यातून नर्मदा बचाव आंदोलन उभं राहिलं. धरणाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या कच्छ-सौराष्ट्राची तहान खरी होती, डोंगरातली घरंही खरी होती. दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक होती आणि ती एकमेकांपासून कायमची दुरावली. मला या इतिहासातली ही सर्वांत दुखरी जागा वाटते.

२८ सप्टेंबर १९८९ रोजी मध्य प्रदेशातल्या हरसूदला देशभरातून हजारो माणसं ‘विकास चाहिए, विनाश नहीं’ म्हणत गोळा झाली. बाबा आमटे तिथे होते, आणि नंतर आनंदवन सोडून ते बडवानीजवळ कसरावदला नर्मदेच्या काठावरच राहायला आले. हरसूदनंतर महिना उलटायच्या आत, २४ ऑक्टोबरला, मेधा पाटकर, पुण्याचे अर्थतज्ज्ञ विजय परांजपे आणि अहमदाबादचे वकील गिरीश पटेल हे तिघं अमेरिकेच्या काँग्रेसच्या उपसमितीपुढे बसले होते. उपसमितीचे अध्यक्ष जेम्स शॉयर होते. अमेरिकेतल्या ‘एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड’चे ब्रूस रिच आणि लोरी युडॉल यांनी त्यामागे बरीच खटपट केली होती.

अमेरिकन काँग्रेसचा नर्मदेशी काय संबंध, असं तेव्हा अनेकांनी रागाने विचारलं. उत्तर बँकेच्या रचनेत आहे. बँकेत देशांची मतं भांडवलाच्या वाट्यावर मोजली जातात आणि सगळ्यांत मोठा वाटा अमेरिकेचा आहे. शिवाय बँकेची गरीब देशांना सवलतीचं कर्ज देणारी जी शाखा आहे, तिची तिजोरी दर तीन वर्षांनी श्रीमंत देशांच्या संसदा भरतात. नर्मदेच्या कर्जातला काही भाग याच शाखेतून आला होता. म्हणजे बँकेला दर तीन वर्षांनी हात पसरावा लागे आणि त्या वेळी तिला प्रश्न विचारता येत. रिच आणि युडॉल यांना हे ठाऊक होतं. खोऱ्यातल्या लोकांना ठाऊक होतं ते बँकेला ठाऊक नव्हतं: कोणत्या पाड्यात मोजणी झालीच नाही, कुणाला दाखवलेल्या जमिनीवर आधीच दुसरा माणूस नांगर धरून उभा आहे, कालव्याखाली जाणाऱ्यांना धरणग्रस्तांच्या यादीत का धरलेलं नाही. ही दोन ज्ञानं एकत्र आली आणि बँकेची पंचाईत झाली.

आज हे समजून घेताना त्या काळचा संपर्क आठवावा लागतो. धडगावच्या पलीकडे रस्ता संपायचा. गावातून माहिती पायी किंवा नावेने निघायची, बडोद्याच्या किंवा बडवानीच्या कचेरीत ती हाताने लिहिली किंवा टंकलिखित व्हायची आणि मग टपालाने वा फॅक्सने परदेशी जायची. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांतल्या गटांनी मिळून नर्मदेसाठी एक कृती समिती केली होती. गावात घडलेली गोष्ट आठवड्या-दोन आठवड्यांत बँकेच्या एखाद्या कार्यकारी संचालकाच्या टेबलावर प्रश्न बनून पोचायची. बँकेचा कर्मचारी ‘पुनर्वसन सुरळीत चालू आहे’ असं सांगायला आला, की संचालकाच्या हातात गावाचं नाव घेऊन विचारलेला प्रश्न तयार असे. जपानी गटांनी १९९० मध्ये टोकियोत परिषद भरवली. धरणाच्या वीजयंत्रांना जपान सरकारचं कर्ज होतं. त्याच वर्षी जपानने पुढचा पैसा थांबवला.

या दोरीचा एक पदर परदेशात होता, पण तिला ताण मिळत होता तो खोऱ्यातून. २५ डिसेंबर १९९० रोजी बडवानीजवळच्या राजघाटहून निघालेली संघर्ष यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला पोलिसांनी अडवली. आपण हात उचलणार नाही हे दाखवायला लोक स्वतःचे हात पुढे दोरीने बांधून सीमेकडे चालू लागले. पलीकडे धरण हवं असणाऱ्यांची गर्दी उभी होती. ७ जानेवारीला मेधाताईंसह सात जण उपोषणाला बसले. तीन आठवडे ते चाललं, आणि त्या दिवसांत बँकेने प्रकल्पाची स्वतंत्र फेरतपासणी करायचं कबूल केलं. बँकेच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं.

तपासणीच्या आयोगाचं नेतृत्व ब्रॅडफर्ड मोर्स यांच्याकडे गेलं. ते अमेरिकन काँग्रेसचे माजी सदस्य आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. आंदोलनाला सुरुवातीला शंका होती, कारण धरण हवं की नको हा प्रश्नच आयोगाच्या कक्षेत नव्हता, फक्त पुनर्वसन आणि पर्यावरण होतं. पण मोर्स यांचे सहकारी होते कॅनडाचे थॉमस बर्गर. १९७० च्या दशकात मॅकेन्झी खोऱ्यातून वायूवाहिनी न्यायची की नाही, याची चौकशी बर्गर यांनी केली होती. ते उत्तर ध्रुवाजवळच्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत जाऊन बसले, त्यांची साक्ष त्यांच्या भाषेत ऐकली आणि दहा वर्षं काम थांबवा असं सांगून मोकळे झाले. असा माणूस मणिबेलीत येत असेल, तर त्याला घरात बसवायला हरकत नव्हती. बँकेने आयोगाला सगळ्या फायली उघडून दाखवायचं आणि अहवाल जसाच्या तसा छापू द्यायचं मान्य केलं होतं. या दोन अटी नसत्या तर पुढचं काहीच झालं नसतं.

आयोगाचे लोक जीपने, नावेने आणि पायी फिरले. कुडाच्या घरांत बसून त्यांनी लोकांना विचारलं की तुमच्याकडे काय आहे. नोंदवहीत ‘भूमिहीन’ असलेल्या माणसाने शेत दाखवलं, महुवाची झाडं दाखवली, नदीतली मासे धरायची जागा दाखवली. सरकारी तक्त्यात यांतल्या कशालाच रकाना नव्हता. १८ जून १९९२ रोजी अहवाल बाहेर आला, साडेतीनशेहून अधिक पानांचा. त्याचा सारांश असा की सध्याच्या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणावरच्या परिणामांचा धड विचार झालेला नाही, दोष कर्ज घेणाऱ्याइतकाच देणाऱ्याचाही आहे आणि बँकेने मागे सरून नव्याने विचार करावा. बुडितातल्या किमान एक लाख लोकांखेरीज कालव्यांमुळे सुमारे एक लाख चाळीस हजारांना झळ बसणार असल्याचंही आयोगाने नोंदवलं. ही माणसं कुणाच्या हिशेबातच नव्हती.

तारीख लक्षात घ्या. त्याच महिन्यात रिओ दि जानेरोला वसुंधरा परिषद झाली. शाश्वत विकास हा शब्द तिथे जगभरच्या सरकारांनी मान्य केला, आणि पर्यावरणाचे निर्णय घेताना लोकांना माहिती व सहभाग मिळाला पाहिजे असं जाहीरनाम्याच्या दहाव्या तत्त्वात लिहिलं गेलं. रिओची परिषद १४ जूनला संपली आणि चार दिवसांनी मोर्स अहवालाने दाखवून दिलं की माहिती आणि सहभाग नसला तर प्रत्यक्षात काय होतं.

बँकेने अहवाल सहजासहजी स्वीकारला नाही. अध्यक्ष लुइस प्रेस्टन यांनी दुसरं पथक पाठवलं आणि काम चालू ठेवायचा प्रस्ताव तयार झाला. त्यात आपल्या निष्कर्षांचा विपर्यास झाला आहे, असं पत्र ऑक्टोबरमध्ये खुद्द मोर्स आणि बर्गर यांनी प्रेस्टन यांना लिहिलं. बँकेने आता बाहेर पडावं अशी मागणी करणारं, देशोदेशीच्या संघटनांच्या सह्यांचं पानभर खुलं पत्र लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये झळकलं. २३ ऑक्टोबरच्या बैठकीत अमेरिका, जपान, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नॉर्डिक देशांचे संचालक कर्जाच्या विरोधात गेले, तरी बहुमताने भारताला सहा महिने मिळाले. तेवढ्यात काही ठरावीक अटी पुऱ्या करायच्या होत्या. मुदत ३१ मार्च १९९३ ला संपत होती. आदल्या दिवशी, ३० मार्चला, उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर आम्हाला नकोत असं भारत सरकारने कळवलं.

वॉशिंग्टनच्या संघटनांनी याला विजय म्हटलं, आणि तो होताच. मणिबेलीला मात्र त्या वर्षी पोलिसांचा तळ होता, घरं उतरवली जात होती आणि पावसाळ्यात पाणी चढत होतं. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी अक्राणीत मोजणीला विरोध होत असताना पोलिसांच्या गोळीने एक पंधरा वर्षांचा आदिवासी मुलगा मारला गेला. बँक निघून गेली तशी तिच्या नियमांची पकडही गेली. गुजरातने रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला, आणि त्या पैशाला १९८० चं धोरण लागू नव्हतं. परदेशी सोबत्यांना बँक सुधारायची होती आणि खोऱ्याला आपलं गाव वाचवायचं होतं. दोन्ही हेतू चांगले होते. तरी ते एक नव्हते, हे तेव्हा फार थोड्यांनी मोठ्याने म्हटलं.

बँक मात्र खरोखर बदलली. १९९२ च्याच एका अंतर्गत पाहणीत, १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या प्रकल्पांपैकी ३७.५ टक्के असमाधानकारक ठरले होते. १९९३ मध्ये सवलतीच्या कर्जाची तिजोरी पुन्हा भरायची वेळ आली. अमेरिकन काँग्रेसमधले बार्नी फ्रँक यांनी सांगितलं, आधी माहिती खुली करा आणि तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा नेमा, मगच पैशाचं बोलू. ऑगस्टमध्ये बँकेने माहिती उघड करण्याचं नवं धोरण मंजूर केलं आणि २२ सप्टेंबर १९९३ रोजी तपासणी मंडळाचा ठराव झाला. मंडळाकडे जायला सरकारची परवानगी लागत नाही. एकाच प्रकल्पाची झळ बसलेल्या दोन माणसांनी मिळून पत्र लिहिलं तरी पुरतं आणि ते आपल्या भाषेत लिहिलं तरी चालतं. १९९४ च्या शरद ऋतूत पहिली तक्रार नेपाळमधून आली, अरुण नदीवरच्या धरणाबद्दल. ऑगस्ट १९९५ मध्ये बँकेने त्या धरणातून अंग काढून घेतलं.

जून १९९४ मध्ये बँकेला पन्नास वर्षं होत असताना ४४ देशांतल्या ३२६ संघटना आणि आघाड्यांनी एक जाहीरनामा काढला. मोठ्या धरणांची स्वतंत्र आणि सर्वंकष तपासणी होईपर्यंत त्यांना पैसा देऊ नका, ही त्यातली मागणी. त्याला नाव दिलं मणिबेली जाहीरनामा. गाव बुडत होतं आणि त्याचं नाव जगभरच्या कागदांवर चढत होतं. त्या मागणीतूनच १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग जन्माला आला. दक्षिण आफ्रिकेचे मंत्री कादर अस्माल अध्यक्ष, आणि बारा सदस्यांत वीजयंत्रं बनवणाऱ्या एबीबी कंपनीचे प्रमुख योरान लिंडाल यांच्याबरोबर मेधा पाटकर. आयोगाला भारतात सुनावणी घेता आली नाही, म्हणून दक्षिण आशियाची सुनावणी डिसेंबर १९९८ मध्ये कोलंबोत झाली. जगातल्या धरणांनी चार ते आठ कोटी माणसं उठवली, हा आयोगाचा अंदाज नोव्हेंबर २००० च्या अहवालात आला. पाटकर यांनी अहवालावर सही केली, पण विकासाच्या मूळ कल्पनेला हात घातला नाही म्हणून शेवटी स्वतःची वेगळी टिपणीही जोडली.

महिनाभर आधी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा निकालाने धरण पुढे नेण्यास परवानगी दिली होती. न्या. भरुचा यांचं मत वेगळं पडलं. सप्टेंबर २०१७ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं आणि २०१९ मध्ये ते १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. चिमलखेडी, निमगव्हाण या गावांत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लोकांनी स्वतः उभारलेल्या जीवनशाळांना पाणी चढत गेलं तशा जागा बदलाव्या लागल्या.

खोऱ्याने उघडलेल्या दारातून आत गेलेल्यांत पुढे मुंबईही होती. मुंबईच्या रेल्वे आणि रस्त्यांसाठी बँकेने २००२ मध्ये मोठं कर्ज दिलं. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात कुर्ल्याकडच्या कितीतरी दुकानांची जागा जाणार होती. दुकान केवढंही असो, बदल्यात दोनशे पंचवीस चौरस फुटांचा गाळा, तोही गिऱ्हाइकापासून लांब, असा व्यवहार होता. एप्रिल २००४ मध्ये दुकानदारांच्या संघटनेने तपासणी मंडळाला पत्र लिहिलं. त्याच वर्षी रहिवाशांचेही अर्ज गेले. मंडळाची माणसं मुंबईत आली, गल्ल्यांतून फिरली आणि डिसेंबर २००५ मध्ये त्यांनी दुकानदारांची बरीचशी तक्रार खरी असल्याचं लिहिलं. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा रोखला. काही सुधारणा मान्य झाल्यावर जूनअखेर तो पुन्हा सुरू झाला. मंडळाचा सगळा अहवाल छापून खुला झाला. पहिल्या पानांत दुकानदारांचं म्हणणं होतं आणि त्यापुढे बँकेचं कोणतं कलम मोडलं गेलं ते.